शनिवार-रविवारचे तोफची? साउथ नॉट्स हुसार्सचा इतिहास

प्रश्न असा होता की ब्रिटनमधे जी टेरिटोरियल तोफखाना युनिट्स होती, म्हणजे आठवडाभर आपापली नोकरी-धंदा आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी तोफेची कवायत, ती खऱ्या लढाईत कितपत टिकली, की नुसती संख्या वाढवायला होती. त्याला जोडून दुसरा प्रश्न, की साउथ नॉट्स (म्हणजे दक्षिण नॉटिंगहॅमशायर) हुसार्स नावाची रेजिमेंट तोफखान्यात कशी, हुसार तर घोडदळवाले. आणि तिसरा, या सगळ्याचा आपल्याकडच्या कुणाशी काही संबंध आला का.

मी स्वतः तोफखान्यातला. फील्ड रेजिमेंटमधे नोकरी झाली, मधे काही वर्षं देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकवलं, आणि रिटायर झाल्यापासून जुन्या रेजिमेंट्सचे इतिहास वाचणं हाच उद्योग आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार. साउथ नॉट्स हुसार्सचंच उदाहरण घेऊन सांगतो कारण त्या एका युनिटच्या इतिहासात तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं मिळतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, हे पार्ट-टाइम लोक तोफ चालवण्यात कुठेही कमी पडले नाहीत, कमी पडले ते त्यांना जुनी हत्यारं देणारे आणि त्यांना चुकीच्या जागी उभं करणारे.

सुरुवात १७९४ ची. फ्रान्समधे क्रांती झालेली, इंग्लंडला स्वारीची भीती, म्हणून प्रत्येक परगण्यात स्वतःचा घोडा असलेले शेतकरी, जमीनदार, त्यांची मुलं यांची स्वयंसेवक पथकं उभी केली, त्यांना येओमनरी म्हणायचे. नॉटिंगहॅमशायरमधे तशी पथकं त्या वर्षी उभी राहिली. फ्रेंच काही आले नाहीत आणि या घोडेस्वारांना काम लागलं ते घरातलंच, दंगली आवरायचं. १८११ पासून नॉटिंगहॅमच्या आसपास लुडाइट लोकांनी मोजे विणायचे माग फोडायला सुरुवात केली, नंतर १८३१ मधे मताधिकाराचं बिल फेटाळलं म्हणून चिडलेल्या जमावाने नॉटिंगहॅमचा किल्लाच पेटवून दिला, अशा वेळी येओमनरीला बोलवायचे कारण तेव्हा नीट पोलिसच नव्हते. हा भाग रेजिमेंटच्या इतिहासात लोक पटकन उरकतात पण तो विसरू नये, गरीब विणकरांच्या पोटाच्या भांडणात जमीनदारांची पोरं घोड्यावर बसून उतरली होती आणि गावातल्या सामान्य माणसाच्या मनात त्याची आठवण पुष्कळ वर्षं राहिली असणार. पुढे बोअर युद्धात यांच्यातले लोक दक्षिण आफ्रिकेत गेले, ते पहिलं परदेशातलं युद्ध.

मग १९०८. हॉल्डेन नावाचा युद्धमंत्री, मूळचा वकील माणूस, त्याने सगळे विस्कळीत स्वयंसेवक एका छपराखाली आणले आणि टेरिटोरियल फोर्स उभा केला, १४ पायदळ डिव्हिजन आणि १४ घोडदळ ब्रिगेड. यात तोफखानाही टेरिटोरियलच ठेवायचा ठरलं आणि तिथेच वाद पेटला, आणि तो वाद म्हणजे जवळजवळ तुमचाच प्रश्न. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स, जो स्वतः तोफखान्यातला, भारतात कमांडर-इन-चीफ राहिलेला, त्याचं म्हणणं की रायफल चालवायला शिकणं वेगळं आणि तोफ वेगळी, हौशी तोफखाना हा शत्रूपेक्षा आपल्यालाच जास्त धोका. हॉल्डेनचं उत्तर होतं की युद्ध सुरू झालं की यांना सहा महिने पूर्णवेळ ट्रेनिंग देऊ, मग पुढे पाठवू. कागदावर ठीक होतं. पण त्यांना तोफा काय दिल्या तर जुन्या १५-पाउंडर (म्हणजे साधारण तेवढ्या पाउंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या), थोडी दुरुस्ती करून, जेव्हा पगारी फौजेकडे नवीन १८-पाउंडर होत्या. हॉवित्झर, म्हणजे उंच कमानीत गोळा टाकणाऱ्या तोफा, दिल्या त्याही जुन्या ५ इंची. मला यात खटकतं ते हे की ज्यांना सरावाला सगळ्यात कमी वेळ मिळणार त्यांच्याच हातात सगळ्यात अवघड आणि जुनाट हत्यार, आणि मग वर म्हणायचं बघा यांना जमत नाही.

साउथ नॉट्स तेव्हा अजून घोडदळच होती. पहिल्या महायुद्धात त्यांचे घोडे इजिप्तला ठेवून माणसं तुर्कस्तानात गॅलिपोलीला पायी उतरवली, ऑगस्ट १९१५, सुव्हला बे. तिथून ग्रीसमधलं सालोनिका, मग पॅलेस्टाइन. १९१८ मधे घोडे काढून घेतले, वॉरिकशायर येओमनरीबरोबर एकत्र करून मशीनगन बटालियन बनवली आणि फ्रान्सला निघाले तर अलेक्झांड्रियाहून निघाल्यावर थोड्याच वेळात त्यांचं जहाज, लीझो कॅसल, पाणबुडीने बुडवलं. २७ मे १९१८ ची रात्र. शंभरावर माणसं गेली. म्हणजे चार वर्षांत घोडेस्वार, पायदळ, परत घोडेस्वार, मशीनगनवाले, जसं वरून सांगतील तसं. टेरिटोरियल युनिटच्या नशिबी हे असतंच, पगारी रेजिमेंटची मोडतोड करायला वरचे लोक दहा वेळा विचार करतात, यांची एका कागदावर होते.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. युद्ध संपल्यावर सरकारने बघितलं की घोडदळाचे दिवस भरलेत, तेव्हा येओमनरी रेजिमेंट्सपैकी सेवाज्येष्ठतेने वरच्या १४ ना घोडे ठेवू दिले आणि बाकीच्यांना सांगितलं दुसरं काहीतरी व्हा, बहुतेकांनी तोफखाना निवडला. साउथ नॉट्स झाली रॉयल फील्ड आर्टिलरीची १०७ वी ब्रिगेड, बॅटऱ्या, म्हणजे तोफांचे गट, दोन, ४२५ आणि ४२६. पण नाव सोडायला कोणी तयार नव्हतं. म्हणून नाव हुसार्स, टोपीवर शेरवुडच्या जंगलातल्या ओकच्या फांदीचं चिन्ह, आणि काम तोफेचं. आपल्याकडेही युनिटचं जुनं नाव, जुना दिवस, जुना नारा लोक जपतातच, त्यामुळे याचं नवल वाटायला नको. १९३८ मधे त्यांना रॉयल हॉर्स आर्टिलरीचा दर्जा मिळाला, म्हणजे १०७ वी आरएचए, तोफखान्यात हा मोठा मान. घोडे अर्थातच तोपर्यंत गेलेले, सगळं गाड्यांवर.

या काळात भरती कोण होत होतं ते महत्त्वाचं. नॉटिंगहॅम म्हणजे लेसचे कारखाने, प्लेयर्स सिगारेट, बूट्स औषधं, आणि रॅले सायकल जी आपल्याकडच्या आजोबांनाही माहीत होती. असल्या गावातले कारकून, दुकानातले, कारखान्यातले, गॅरेजमधले, शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले. ऑफिसर मात्र बहुतेक पैसेवाले, खाणमालक, वकील, जमीनदार घरातले. आठवड्यातून एखादी-दुसरी संध्याकाळ ड्रिल हॉलमधे कवायत आणि वर्षातून दोन आठवडे कॅम्प, त्यातही खरा गोळा डागायला मिळणार तो थोडकाच.

एवढ्या तुटपुंज्या सरावात तोफ कशी जमायची, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा, आणि इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल.

लोकांना वाटतं तोफ चालवणं म्हणजे धाडस. धाडस लागतं, पण ते नंतर. आधी लागते ती सवय. या लोकांना पुढे जी तोफ मिळाली ती २५-पाउंडर, आपल्याकडेही १९७१ च्या लढाईपर्यंत होती आणि मी तरुणपणी तिच्यावरच शिकलो त्यामुळे हे ऐकीव नाही. तिच्यावर सहा माणसं. नंबर १ सार्जंट, तो तोफेचा मालकच म्हणा. नंबर २ ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, उघडतो-बंद करतो आणि गोळा आत ठासतो. नंबर ३ लेयर, तो डावीकडे बसतो, डोळा डायल साइटला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, दिशा आणि रेंज तोच लावतो. नंबर ४ गोळा आणि काडतूस भरतो, ५ आणि ६ मागे दारूगोळ्याकडे, त्यातला ६ नंबर सार्जंटच्या खालोखाल, फ्यूज आणि चार्ज बरोबर आहे की नाही ते तो बघतो. गोळा सुमारे साडेअकरा किलोचा, काडतूस वेगळं, त्यात रेंजप्रमाणे चार्जच्या पिशव्या कमी-जास्त करायच्या. हुकूम आला की हे सहाजण एकमेकांकडे न बघता आपापलं काम करतात आणि कोणाचा हात कोणाच्या मधे येत नाही, हे जमायला लागतो तो एकच गुण, तीच सहा माणसं पुन्हा पुन्हा एकत्र असणं. आणि इथे टेरिटोरियलवाल्यांचा फायदा होता बघा. पगारी रेजिमेंटमधे बदल्या होतात, कोर्सला जातात, नवीन येतात. यांच्याकडे तोच लेयर, तोच सार्जंट, वर्षानुवर्षं, एकाच गल्लीतले, एकाच क्लबात फुटबॉल खेळणारे, काही ठिकाणी सख्खे भाऊ. गोळा न डागता रिकाम्या तोफेवर ड्रिल हॉलमधे शेकडो वेळा केलेली कवायत वाया जात नाही, उलट नव्वद टक्के काम तेच आहे.

उरलेलं काम डोक्याचं. तोफेपासून पुढे कुठेतरी ओपीमधे, म्हणजे टेहळणीच्या जागी, एक ऑफिसर बसलेला असतो, त्याला शत्रू दिसतो, तोफांना दिसत नाही. तो वायरलेसवर किंवा टेलिफोनवर आकडे सांगतो, मागे कमांड पोस्टमधे आर्टिलरी बोर्डवर ते उतरवतात, वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, तोफेची झीज, उंचीतला फरक, सगळी वजाबाकी-बेरीज करून प्रत्येक तोफेला वेगळा आकडा जातो. एक चूक झाली तर गोळा आपल्याच पायदळात. हे काम करायला दिवसभर हिशोबाची वही लिहिणारा कारकून किंवा इन्शुरन्स ऑफिसातला पोरगा एक नंबर. देवळालीला शिकवताना माझा स्वतःचाच अनुभव आहे की गणिताची भीती नसलेला मुलगा तोफखान्यात अर्धी लढाई आधीच जिंकून येतो. लॉर्ड रॉबर्ट्सला हे दिसलं नाही कारण त्याच्या तरुणपणीच्या तोफा समोर दिसणाऱ्या शत्रूवर चालायच्या, तेव्हाची लढाई वेगळी.

मार्च १९३९ मधे सरकारने एकदम जाहीर केलं की टेरिटोरियल आर्मी दुप्पट करायची, त्यामुळे प्रत्येक युनिटने स्वतःमधून आणखी एक युनिट काढलं, १०७ मधून १५० वी निघाली. सप्टेंबरमधे युद्ध, आणि जानेवारी १९४० मधे १०७ वी पॅलेस्टाइनकडे. तिथून इजिप्त, मर्सा मत्रूहचं वाळवंट, इटालियन विमानांची बॉम्बफेक, आणि एप्रिल १९४१ मधे टोब्रुक.

टोब्रुकबद्दल नीट सांगतो. जर्मन सेनापती रोमेलची चढाई सुरू झाली, ब्रिटिश फौज मागे पळत सुटली आणि लिबियातलं हे बंदर तेवढं धरून ठेवायचं ठरलं. आत ९ वी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन, जनरल मोर्सहेड प्रमुख, आपली १८ वी कॅव्हलरी गाड्या सोडून खंदकात पायदळासारखी बसलेली, आणि वेढा सुरू झाला तेव्हा फील्ड तोफांच्या चार रेजिमेंट्स. त्यातली १ली आरएचए पगारी. बाकी तीन, म्हणजे १०४ वी आरएचए एसेक्स येओमनरी, १०७ वी साउथ नॉट्स हुसार्स, आणि ५१ वी फील्ड जी वेस्टमोरलंड आणि कंबरलंड येओमनरीतून आली, या तिन्ही टेरिटोरियल. म्हणजे चारात तीन. रोमेलला १९४१ मधे ज्या तोफांनी अडवलं त्यातल्या बहुतेक तोफांमागे पंधरा-वीस महिन्यांपूर्वीपर्यंत दुकानात नाहीतर ऑफिसात असलेली माणसं होती. प्रश्नाचं उत्तर इथेच संपवलं तरी चालेल.

१४ एप्रिलच्या पहाटे जर्मन रणगाडे एल अडेम रस्त्याच्या बाजूने आत घुसले. ऑस्ट्रेलियन पायदळाने ठरल्याप्रमाणे रणगाडे वरून जाऊ दिले आणि मागून येणारं जर्मन पायदळ अडवलं, त्यामुळे रणगाडे एकटे पडले आणि समोर तोफांच्या रांगा. १ल्या आरएचएच्या तोफांनी जवळून, ओपन साइटवर, म्हणजे नळीतूनच नेम धरल्यासारखं मारलं, आणि १०७ च्या तोफा त्याच पट्ट्यात मारा करत होत्या. सतराच्या आसपास रणगाडे गमावून जर्मन मागे फिरले. तोफखान्याची खोली काय असते, म्हणजे एकामागे एक तोफांच्या जागा ठेवल्या की काय होतं, हे शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

त्यानंतर आठ महिने रोजचा दिवस. दगडी जमीन, खड्डा खणायला कुदळ चालत नाही. सपाट माळ, त्यामुळे ओपीला उंची मिळावी म्हणून खांब उभारून त्यावर चढून बसायचं, म्हणजे शत्रूला तुम्ही दहा मैलांवरून दिसणार. सकाळी दहानंतर जमिनीवरून अशी उष्णता उठायची की दुर्बिणीत सगळं हलताना दिसतं, रेंज घेताच येत नाही, म्हणून नेमका मारा पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी जर्मनांची स्टुका बॉम्बफेकी विमानं. पाणी मोजून, तेही खारट. ऑगस्टपासून ऑस्ट्रेलियन डिव्हिजनला समुद्रमार्गे काढून दुसरं सैन्य आणलं, पण साउथ नॉट्स मात्र तिथेच राहिली, तोफाही त्याच आणि माणसंही तीच. डिसेंबर १९४१ मधे वेढा उठला तेव्हा ही रेजिमेंट कुठल्याही पगारी रेजिमेंटच्या तोडीची झाली होती, आणि हे मी एक तोफखानेवाला म्हणून म्हणतो.

आता पुढचं सांगताना मला खरंच वाईट वाटतं.

मे १९४२, लिबियातलीच गझालाची लढाई. २६-२७ मेच्या रात्री रोमेल दक्षिणेकडून वळसा घालून आला, वाटेत आपली ३ री इंडियन मोटर ब्रिगेड तुडवली. मग तो ब्रिटिश सुरुंगपट्ट्याच्या पूर्वेला एका खोलगट भागात अडकला, त्या जागेला सगळे कॉल्ड्रन, म्हणजे कढई, म्हणत. त्याला तिथेच दाबायला ५ जूनला हल्ला केला, १० वी इंडियन ब्रिगेड आणि मागून २२ वी आर्मर्ड ब्रिगेड, साउथ नॉट्स याच आर्मर्ड ब्रिगेडबरोबर. सुरुवातीचा तोफांचा भडिमार जिथे केला तिथे शत्रू नव्हताच. रणगाडे पुढे गेले, मार खाल्ला आणि बाजूला निघून गेले, पायदळ वेगळ्या हुकमाखाली आणि रणगाडे वेगळ्या, एकमेकांशी बोलणं नाही. संध्याकाळपर्यंत रोमेलने उलटा हल्ला केला आणि ६ जूनला सकाळी मैदानात उरल्या त्या फक्त तोफा, पुढे रणगाडे नाहीत, पायदळ जवळपास नाही, मागे हटायचं नाही असा हुकूम.

दिवसभर लढले. तोफेचं रणगाड्याविरुद्धचं काम काय असतं ते ऐका. २५-पाउंडर गोल प्लॅटफॉर्मवर उभी असते, एक माणूस ट्रेल, म्हणजे तोफेची मागची शेपटी, उचलून ती गरकन कुठल्याही बाजूला फिरवू शकतो, ही तिची मोठी खुबी. लेयर दुर्बिणीतून रणगाडा बघतो, सार्जंट थांब-थांब म्हणत सहाशे-सातशे यार्डांपर्यंत येऊ देतो, कारण लांबून गोळा लागला तरी आत जाणार नाही. तोपर्यंत समोरून मशीनगन आणि गोळे चालू, आणि पुढे जी ढाल आहे ती पातळ पत्र्याची. रणगाडाभेदी गोळे संपले की साधे गोळे भरायचे, ते रणगाडा फोडत नाहीत, हादरवतात. जर्मनांच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा तर लांबूनच मारायच्या. एकेक तोफ गप्प होत गेली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल विल्यम सीली मारला गेला. संध्याकाळपर्यंत जर्मन रणगाडे तोफांच्या ओळीतून आरपार गेले आणि जे जिवंत होते ते कैदी झाले. त्या एका लढाईत चार फील्ड रेजिमेंट्स संपल्या, आपल्या ५ व्या इंडियन डिव्हिजनच्या ४ थी, २८ वी, १५७ वी, आणि ही १०७ वी.

तोफखान्यात पायदळासारखा झेंडा नसतो, तोफ हाच आमचा झेंडा, तो शत्रूच्या हाती जाणं यापरतं दुःख नाही. पण साउथ नॉट्सवर कोणी बोट ठेवू शकत नाही. रणगाडे आणि पायदळाशिवाय उघड्या माळावर तोफा सोडून दिल्या तर जगातली कुठलीही रेजिमेंट, कितीही पगारी असो, संध्याकाळपर्यंत संपणारच. ते वरच्यांचं अपयश.

आणि इथे टेरिटोरियल असण्याची दुसरी बाजू दिसते. जी गोष्ट तोफेवर फायद्याची, म्हणजे सगळे एका गावचे, तीच इथे उलटते. एका दिवसात एकाच परगण्यातल्या शेकडो घरांना तारा जायच्या, कोणाचा गेला, कोणाचा बेपत्ता, कोणाचा कैदी, आणि आधी आठवडेच्या आठवडे तर काहीच कळत नव्हतं. कैद्यांना इटलीत नेलं, १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करल्यावर काहीजण निसटले, बाकीच्यांना जर्मनीत हलवलं. वाचलेल्या थोड्या लोकांतून एक बॅटरी उभी केली, १०७ नंबर तोच ठेवून, ती ७ व्या मीडियम, म्हणजे जास्त जड तोफांच्या, रेजिमेंटमधे गेली आणि अल अलामेनला लढली. १९४४ मधे पूर्ण रेजिमेंटचा दर्जा परत मिळाला, १०७ वी मीडियम रेजिमेंट, आणि नॉर्मंडीमार्गे युरोपात. युद्धानंतर नंबर बदलून ३०७ झाला, पुढे १९६७ च्या कपातीत बाकी येओमनरीसारखीच कात्री लागली आणि नंतर ३०७ बॅटरी एवढ्या रूपात नाव चालत राहिलं.

आता तिसरा प्रश्न, आपला संबंध. तीन ठिकाणी तर थेट आहे.

पहिला म्हणजे १९१४ सालचा, साउथ नॉट्सचा नव्हे पण त्यांच्याच प्रकारच्या युनिट्सचा. पगारी ब्रिटिश फौज भारतातून फ्रान्सला न्यायची होती, तिची जागा भरायला टेरिटोरियल डिव्हिजन्स इकडे पाठवल्या. ४३ वी वेसेक्स डिव्हिजन ऑक्टोबरमधे साउदॅम्प्टनहून निघाली आणि नोव्हेंबर १९१४ मधे मुंबईला उतरली, तिच्या पाठोपाठ होम काउंटीज आणि मग दुसरी वेसेक्स. डेव्हन, हॅम्पशायर, ससेक्स, केंट इथले कारकून आणि शेतकऱ्यांची पोरं तोफांसकट भारतातल्या छावण्यांत आली. त्यातली हॅम्पशायरची एक हॉवित्झर बॅटरी, १/५ हॅम्पशायर, जुन्या ५ इंची हॉवित्झर घेऊन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ६ व्या पूना डिव्हिजनबरोबर गेली आणि कुत गावाच्या वेढ्यात सापडली. त्याच डिव्हिजनमधे आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा, मग सुमारे तेरा हजार माणसांची शरणागती आणि वाळवंटातून कैद्यांची पायपीट. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई आणि हॅम्पशायरचा हौशी तोफची एकाच खंदकात उपाशी राहिले. त्या जुन्या हॉवित्झर १९०८ च्या कंजूषपणाची देणगी होती हे परत सांगतो.

दुसरा म्हणजे कॉल्ड्रन, वर सांगितलंच, १० वी इंडियन ब्रिगेड आणि साउथ नॉट्स एकाच लढाईत संपले.

तिसरा टोब्रुक, पण दुसऱ्या वेळचं. साउथ नॉट्स संपल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २० जून १९४२ ला रोमेल परत टोब्रुकवर आला. त्याने घाव घातला आग्नेय कोपऱ्यावर आणि तिथे होती आपली २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे ५ व्या मराठाची दुसरी पलटण), ११ व्या इंडियन ब्रिगेडमधली. आधी स्टुका, मग तोफा, मग सुरुंगपट्टा ओलांडून रणगाडे. २१ जूनला टोब्रुक पडलं, पलटण कैदेत गेली. काही ब्रिटिश लिखाणात असा सूर दिसतो की तो कोपरा कमजोर पडला. मला हे अजिबात पटत नाही. एप्रिल १९४१ मधे तोच किल्ला टिकला कारण पायदळाच्या मागे तोफा खोलवर रचलेल्या होत्या आणि मागायच्या आत गोळा पडत होता. जून १९४२ पर्यंत खंदक ढासळलेले, सुरुंग काढून दुसरीकडे नेलेले, आणि त्या सकाळी तोफांचा मारा एका हाताखाली आलाच नाही. मराठा पलटणीसमोर जे आलं ते तोफखान्याने आधी तोडायचं असतं. वर्षापूर्वी तिथे बसलेली, तो माळ तळहातासारखा माहीत असलेली एक रेजिमेंट दोन आठवड्यांपूर्वी कॉल्ड्रनमधे उधळून टाकली होती, हा दोन गोष्टींमधला दुवा मला तरी महत्त्वाचा वाटतो.

कोणी म्हणेल की आज याचं काय. आपल्याकडेही टेरिटोरियल आर्मी आहे, ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजींनी तिचं उद्घाटन केलं, लोकांना ती धोनीमुळे माहीत झाली पण तिच्यात खरे पार्ट-टाइम लोक भरपूर आहेत आणि पूर्वी हवाई संरक्षणाच्या तोफांची टेरिटोरियल युनिट्सही होती. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा-मुलगी विचार करत असेल तर खुशाल जाऊ द्या.

कोणाच्या घरात २/५ मराठाचे, १८ व्या कॅव्हलरीचे किंवा कुतच्या वेळच्या १०३, ११०, ११७ चे पणजोबा-आजोबा असतील तर एक व्यावहारिक गोष्ट. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत नाव शोधताना आडनाव नसतं, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असतं, गाव आणि तालुका जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधे असतो, त्यामुळे पलटण आणि तारीख टाकून शोधा, नावाने शोधलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. लिबियात मेलेल्यांची नावं टोब्रुक आणि अक्रोमा जवळच्या नाइट्सब्रिज कबरस्तानात सापडतील, साउथ नॉट्सचे बरेच लोक तिथेच आहेत, पण ज्यांचं दहन झालं किंवा जे सापडलेच नाहीत अशा आपल्या शिपायांची नावं इजिप्तमधे अल अलामेनच्या स्मारकावर आहेत, त्यामुळे लिबियात नाव नाही मिळालं म्हणून शोध थांबवू नका. कुतच्या लोकांसाठी बसरा मेमोरियल बघा. पलटणीचा नंबर माहीत नसेल तर घरातलं जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा मेडल काढा, पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, तिथून सुरुवात करता येते.